जुनी फायरप्लेस पुन्हा पेटवताना: धूर खोलीत न येता वर जावा म्हणून

जुन्या घराची डागडुजी करताना बुजवलेली फायरप्लेस सापडते. मालक हौसेने ती मोकळी करतो, दगड घासून काढतो, वरची लाकडी फळी पॉलिश करतो, आणि पहिल्याच विस्तवाला खोली धुराने भरते. मग छपरावर धुराड्याच्या माथ्याच्या टोप्या बदलणं सुरू होतं. एक टोपी, दुसरी टोपी, शेवटी विजेचा पंखा. यातला बराच खर्च पाण्यात जातो, कारण धूर मागे येण्याचं मूळ बहुतेकदा खालीच असतं: फायरप्लेसच्या तोंडाच्या मापात, खोलीत येणाऱ्या हवेत, नाहीतर थंड पडलेल्या धुराड्यात. म्हणून इथला क्रम असा आहे: आधी धुराडं सुरक्षित आहे का ते पाहायचं, मग मापं, मग हवा, आणि टोपीचा विचार सगळ्यात शेवटी. पक्कं बांधकाम करण्याआधी पत्रा, सुट्या विटा आणि उघडी खिडकी एवढ्यावर कारण नक्की करता येतं, तेवढा धीर मात्र धरायला हवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच बोललेली बरी. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने १० ते २० टक्केच खोलीला मिळते, बाकीची वर निघून जाते. समोर बसलेल्याला छान धग लागते, पण घर तापत नाही. घर तापवायचं असेल तर बंद दाराचा स्टोव्ह घ्या आणि हा लेख इथेच सोडा. विस्तवासमोर बसण्यासाठीच फायरप्लेस हवी असेल, तर पुढे वाचा.

धुराडं ओढतं ते कशाच्या जोरावर

धुराड्यातली हवा गरम, म्हणून हलकी. बाहेरची थंड, जड हवा खोलीतून शिरून तिला खालून वर रेटते. हा रेटा धुराड्याची उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक या दोहोंवर ठरतो. धुराडं ८ मीटर उंच, आतला धूर सरासरी ६० अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा १० अंश असेल, तर रेटा येतो सुमारे १५ पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या जवळपास सात हजाराव्या हिश्शाएवढा! इतक्या नाजूक जोरावर सगळा कारभार चालतो. त्यामुळेच स्वयंपाकघरातला एक मोठा एक्झॉस्ट पंखा किंवा वरच्या मजल्यावरची उघडी खिडकीसुद्धा धुराची दिशा फिरवू शकते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. तोंड जितकं मोठं, तितकी खोलीतली गार हवा धुरात जास्त मिसळते आणि धूर थंड होतो. म्हणजे मोठ्या तोंडाला ओढ जास्त लागते आणि मिळते मात्र कमी. मापांचा प्रश्न येईल तेव्हा हे लक्षात असू द्या.

विस्तव पेटवण्याआधी

बरीच वर्षं बंद असलेल्या धुराड्यात काय सापडेल याचा नेम नसतो. पक्ष्यांची काटक्यांची घरटी, वरून पडलेल्या विटा, कुणीतरी ठोकलेला पत्रा, वर झाकलेली फरशी. म्हणून आधी धुराडं ब्रशने झाडून घ्यायचं. खालून आरसा आणि टॉर्च धरला की सरळ धुराड्यात आकाश दिसतं. वाकणं असतील तर कॅमेरा आत सोडणारा माणूस बोलवावा. हा खर्च टाळू नका, कारण आतला तडा किंवा गळालेली वीट बाहेरून कधीच दिसत नाही.

मग धुराची चाचणी. धूर सोडणारी गोळी खाली पेटवायची, धुराडं भरलं की वरचं तोंड तात्पुरतं बंद करायचं, खालचं तोंडही झाकायचं, आणि घरभर फिरायचं: वरच्या खोल्या, माळा, शेजारच्या खोलीतली दुसरी फायरप्लेस. जुन्या घरांत एकाच खांबातून दोन-तीन धुराडी शेजारी शेजारी वर जातात आणि त्यांच्यामध्ये एका विटेची पातळ भिंत असते. आतल्या काजळीने आणि ओलीने तिचा चुना खाल्ला जातो, भिंतीला भोक पडतं, आणि एका खोलीतला धूर दुसऱ्या खोलीत उतरतो. त्या दुसऱ्या खोलीत कुणी झोपलेलं असेल तर हा जिवाशी खेळ आहे. चाचणीत धूर कुठेही झिरपला तर विस्तव पेटवायचा नाही. गळती बुजवायची किंवा आतून नवी नळी घालायची, मग पुढचं बोलायचं.

माळ्यावर गेलाच आहात तर तुळया आणि वासे पाहून घ्या. जुन्या गवंड्यांनी कधीकधी तुळईचं टोक सरळ धुराड्याच्या भिंतीत घातलेलं असतं. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की हळूहळू कोळशासारखं होतं आणि मग नेहमीपेक्षा बरंच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणून पुढेही होणार नाही, असं इथे म्हणता येत नाही. धुराड्याच्या विटकामाची बाहेरची बाजू आणि कोणतंही लाकूड यांत निदान ५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. फायरप्लेससमोर न जळणाऱ्या फरशीचा पट्टा पुढे साधारण ५० सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना २० ते ३० सेंटिमीटर ठेवावा. तुमच्या भागातले बांधकामाचे नियम याहून कडक असतील तर तेच पाळायचे.

छपरावर टोप्या सोडून बाकी सगळं पाहायचं. विटांच्या सांध्यांतल्या मसाल्याच्या दरजा उकलल्या आहेत का, धुराड्याच्या माथ्यावरचा उताराचा थर फुटला आहे का, छप्पर आणि धुराडं मिळतात तिथला शिशाचा पत्रा उचकटला आहे का. जुन्या मऊ विटांच्या दरजा भरताना चुन्याचाच मसाला वापरावा. सिमेंट त्या विटांपेक्षा टणक असतं, ते ओल आत कोंडून ठेवतं आणि पुढे विटांचे पापुद्रे निघतात. माथ्यावरच्या मातीच्या नळकांड्याचं आतलं मापही घ्या. मधल्या काळात कुणी गॅसचा हीटर जोडला असेल तर अरुंद तोंडाचं किंवा जाळीचं नळकांडं बसवलेलं असतं. लाकडाच्या विस्तवाला ते चालत नाही, बदलावंच लागतं.

आतली नळी

धुराडं आतून धड असेल तर नळी घालायची घाई करू नये. नळीमुळे आतलं क्षेत्रफळ घटतं, आणि उघड्या फायरप्लेसला नेमकं तेच परवडत नाही. २० सेंटिमीटर व्यासाच्या नळीचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरतं. फायरप्लेसचं तोंड त्याच्या आठपट चालतं असं धरलं (हे प्रमाण पुढे येतंच), तरी ते जेमतेम ५० बाय ५० सेंटिमीटरचं होतं. लवचिक स्टीलच्या नळ्या मुख्यतः बंद स्टोव्हसाठी असतात. मोठ्या उघड्या तोंडाला मातीच्या जाड नळ्या लावतात, किंवा आत रबरी फुगा फुगवून त्याच्याभोवती हलका उष्णतारोधक मसाला ओततात. दुसऱ्या पद्धतीत खिळखिळं धुराडंही मजबूत होतं, पण ती पुन्हा काढता येत नाही. मातीच्या नळ्या एकमेकींत बसवताना रुंद तोंड वरच्या बाजूला येऊ द्यायचं. उलट बसवल्या तर वरून ओघळणारं पाणी आणि धुरातून साठलेलं डांबर सांध्यातून बाहेर झिरपतं आणि काही वर्षांनी भिंतीवर तपकिरी डाग उमटतात.

तोंडाचं माप: बहुतेक घोटाळा इथेच होतो

फायरप्लेसच्या तोंडाची रुंदी गुणिले उंची, आणि धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ, ही दोन मापं काढा. धुराडं तोंडाच्या निदान सातव्या ते दहाव्या हिश्शाएवढं हवं. धुराडं बुटकं असेल तर सातव्याकडे झुकायचं, उंच आणि सरळ असेल तर दहावा हिस्सा पुरतो. जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची ४.५ मीटरपेक्षा कमी असेल तर मापं कितीही जुळवली तरी मार्ग कठीण आहे.

समजा तोंड ९० बाय ७५ सेंटिमीटर आहे, म्हणजे ६,७५० चौरस सेंटिमीटर. धुराडं आतून २३ बाय २३, म्हणजे ५२९. प्रमाण जवळपास तेराव्या हिश्शाचं झालं, धूर मागे येणारच. उंची १५ सेंटिमीटरने कमी केली की तोंड ५,४०० होतं आणि प्रमाण दहाव्या हिश्शाजवळ येतं. रुंदीही ७५ केली तर ४,५००, म्हणजे साडेआठवा हिस्सा. आता धुराडं बुटकं असलं तरी आशा आहे.

डागडुजी केलेल्या घरांत हा प्रश्न इतका का दिसतो, याला कारण आहे. मूळचं रुंद तोंड जुन्या माणसांनीच पुढे विटा लावून अरुंद केलेलं असतं. आतली लोखंडी चौकट, बाजूच्या तिरक्या विटा, पुढे उतरणारा पत्रा हे सगळं धुरासाठीच केलेलं असतं. आपण मात्र 'मूळ रूप' म्हणून ते सगळं फोडून मागची मोठी कमान उघडी करतो. दिसायला ती देखणी असते यात वाद नाही. पण काही तोडण्याआधी एकदा विचार करा: हे इथे कुणी आणि कशासाठी घातलं असेल?

चाचणी सोपी आहे. तोंडाच्या वरच्या कडेला आडवा पत्रा धरा (हातमोजे घालून, दोघांनी मिळून), छोटा विस्तव पेटवा आणि पत्रा हळूहळू खाली आणत जा. धूर बाहेर यायचा थांबेल तिथे खूण करा. पत्र्याने भागत नसेल तर लाकडं ठेवायची लोखंडी जाळी सुट्या विटांवर ठेवून १०-१५ सेंटिमीटर उचला आणि पुन्हा पाहा. बाजूंनाही सुट्या विटा रचून रुंदी कमी करून पाहता येते. माप सापडलं की मगच पक्कं काम: वर धातूची झालर किंवा दगडाची खालची पट्टी, तळ उचलायचा असेल तर भट्टीच्या विटांचा थर, फारच मोठ्या तोंडाला आतून लोंबणारं धातूचं छत्र. झालर दोन-चार आठवडे तात्पुरतीच ठेवा. वारा, थंडी, दमट दिवस असं सगळं एकेकदा येऊन जाऊ द्या.

गळा आणि त्याच्यावरची पोकळी

तोंडाच्या वर धुराची वाट अरुंद होते ती जागा म्हणजे गळा. तो तोंडाच्या रुंदीएवढा लांब आणि पुढून मागे साधारण १० सेंटिमीटर असावा, तोंडाच्या वरच्या कडेपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच आणि पुढच्या भिंतीला लागून असावा. गळा फार खाली आला तर धूर वळायच्या आधीच खोलीत सांडतो. डागडुजीत गळा पार उडवून वर मोठी अंधारी पोकळी सोडलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्या पोकळीत धूर गोल गोल फिरतो, थंड होतो आणि खाली उतरतो.

उष्णतेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजे काउंट रमफर्ड यांनी १७९० च्या दशकात फायरप्लेसचा आकारच बदलला. खोल चौकोनी खोबणीच्या जागी उथळ तळ, पुढच्या तोंडाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढी मागची भिंत, बाहेर तिरक्या झुकलेल्या बाजू आणि अरुंद गळा. यात धुराची वाट सुधारतेच, शिवाय तापलेल्या बाजू धग खोलीकडे फेकतात. नव्याने आतला भाग बांधायचाच असेल तर माझ्या मते दुसरा आकार पाहायची गरज नाही. तोंडाच्या वरच्या दगडाची आतली कड धारदार न ठेवता गोल करावी, धूर तिथून सहज वळतो.

गळ्याच्या वर विटा पायऱ्या पायऱ्यांनी पुढे काढलेल्या असतात. त्या पायऱ्या उष्णतारोधक मसाल्याने गुळगुळीत लिंपून घ्या. दोन्ही बाजू धुराड्याकडे सारख्या आणि चढ्या उतारानेच मिळाल्या पाहिजेत. आतल्या विस्तवाच्या जागेत साधं सिमेंट चालत नाही, तापून ते भुसभुशीत होतं. तिथे भट्टीची वीट आणि आगीला टिकणारा मसाला लागतो. नदीतले गोटे तर मुळीच लावू नयेत, आत मुरलेलं पाणी तापलं की ते फुटून उडतात.

खोलीत हवा कुठून येते?

मापं बरोबर आहेत, धुराडं स्वच्छ आहे, तरी धूर येतो. आता विस्तव पेटवून खोलीची एक खिडकी हातभर उघडा. दोन-तीन मिनिटांत धूर थांबला तर निदान झालं: घराला श्वास कमी पडतो आहे. उघडी फायरप्लेस तासाला काही शे घनमीटर हवा वर ओढते. जुन्या घरात ती दाराच्या, खिडकीच्या, लाकडी जमिनीच्या फटींतून येत होती. आपण दुहेरी काचा बसवल्या, फटी बुजवल्या, जमीन सील केली. ती हवा आता यायची कुठून?

खिडकी वाऱ्याच्या बाजूची उघडावी. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची उघडली तर तिथे हवा बाहेरच ओढली जाते आणि धूर आणखी वाढतो. मग एक्झॉस्ट पंखा चालू आणि बंद, दोन्ही करून पाहा. वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद करून पाहा. उंच घरात उबदार हवा वरच्या फटींतून निसटते आणि अख्खं घरच धुराड्यापेक्षा जोरात ओढू लागतं. खालच्या मजल्यावर विस्तव, वर उघडी खिडकी आणि मधे मोकळा जिना, इतकं पुरे होतं.

कायमचा उपाय म्हणजे बंद न होणारा हवेचा झरोका. त्याची मोकळी जागा गळ्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण निम्मी धरतात. झरोका समोरच्या भिंतीत केला तर बसणाऱ्यांच्या पाठीला गार झोत लागतो आणि चार दिवसांत कुणीतरी त्यात जुना टॉवेल कोंबतो. म्हणून शक्य असेल तर जमिनीखालून नळी आणून फायरप्लेसच्या जवळ जाळीतून हवा सोडावी. मापं जुळूनही तक्रार असलेल्या घरांत मी तरी आधी हेच करेन, छपरावर चढण्याच्या कितीतरी आधी.

थंड धुराडं आणि वारा

फक्त पेटवताना पहिली दहा मिनिटं धूर येत असेल तर आत थंड हवेचा खांब अडकलेला आहे. बाहेरच्या भिंतीतल्या, तीन बाजूंनी उघड्या धुराड्यात हे नेहमी होतं. हात वर नेला की गार झुळूक खाली येताना कळते. वर्तमानपत्राचे दोन-चार कागद पिळून, पेटवून, गळ्याजवळ धरा. झुळूक उलटी फिरली की खालचा विस्तव पेटवा.

ठरावीक दिशेचा वारा असतानाच आणि भपक्याभपक्याने धूर येत असेल तरच दोष माथ्याचा. उंच झाड, शेजारची इमारत किंवा स्वतःचंच आढं यांच्यावरून वारा धुराड्यात कोसळतो. ढोबळ नियम असा: धुराडं छपरातून निघतं तिथून निदान ९० सेंटिमीटर वर, आणि ३ मीटरच्या आत जे काही असेल त्याहून ६० सेंटिमीटर उंच. आधी उंची पाहा (वाढवताना वाऱ्याचा भार जाणकाराकडून तपासून घ्या), मग वारा अडवणारी टोपी. जाळी लावणार असाल तर भोकं साधारण १ सेंटिमीटरची असू द्या. बारीक जाळी काजळीने बुजते आणि नवाच प्रश्न उभा राहतो.

पहिले विस्तव

नवा मसाला लगेच तापवू नका. चुन्याच्या कामाला काही आठवडे द्या. नंतर आधी मूठभर काटक्यांचा विस्तव, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, असं आठवडाभर. आत कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली की मसाला सुटतो, विटा तडकतात.

लाकूड सुकंच हवं. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. फोडून, आडोशाला हवेशीर रचून एक-दोन वर्षं ठेवलं की ओल २० टक्क्यांच्या खाली येते. ओल मोजायच्या मापकाने तपासताना ढलपी नव्याने फोडून आतल्या बाजूवर टोकं टेकवा, बाहेरचा पृष्ठभाग फसवतो. ओल्या लाकडाची बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते, धूर थंड राहतो आणि धुराड्यात डांबरी थर साठतो. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, औषध मारलेलं लाकूड जाळायचं नाही. लाकडाचा विस्तव राखेवर छान जळतो, म्हणून दोन-तीन सेंटिमीटर राख तशीच ठेवा. रचताना मोठी लाकडं खाली, बारीक काटक्या वर आणि पेटवणं वरून. धूर वरच्या ज्वाळेतून जातो, बराचसा जळून जातो आणि धुराडं लवकर तापतं.

देखभाल

वर्षातून निदान एकदा, आणि रोज विस्तव असेल तर दोनदा धुराडं झाडायचं. थर ३ मिलिमीटर झाला की वाट पाहायची नाही. सुटी काजळी ब्रशने निघते, चकाकणारा काळा थर निघत नाही आणि तोच धोकादायक असतो. तो पेटला तर धुराड्यात घोंघावणारा आवाज येतो आणि आतलं तापमान हजार अंशांवर जाऊ शकतं. अशा वेळी पाणी ओतू नका. दारंखिडक्या लावून घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. नंतर कॅमेऱ्याने आतून तपासल्याशिवाय पुन्हा काडी ओढायची नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्या खोलीत त्याचा अलार्म हवाच. फायरप्लेसपासून १ ते ३ मीटरवर लावा. रात्री निखारे धुमसत असताना गळ्याची झडप बंद करू नका, तो वायू निखाऱ्यांतूनच जास्त निघतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवा, आतले निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात.

वापर नसताना धुराड्यातून घरातली ऊब निसटते. त्यासाठी गळ्यात बसवायचा फुगा किंवा लोकरीचा बोळा मिळतो. थोडी हवा खेळती राहील असाच तो बसवा, नाहीतर आत ओल धरते. आणि त्याला लाल रंगाची चिठ्ठी बांधून ती तोंडासमोर लोंबती ठेवा, म्हणजे काडी ओढण्याआधी बोळा काढायचा राहणार नाही.